अक्काचा नॉर्मल रिपोर्ट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुंबईत ऑफिसात कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट वाचत होतो. आरोग्यविम्याचे कागद तपासणं ही माझी नोकरी. मी साधा कारकून. पण मालगुंडच्या आमच्या घरात तेवढ्यावर डॉक्टर ठरलो होतो. रत्नागिरीला जाऊन कुणीही रक्त तपासलं की रिपोर्टचा फोटो आधी माझ्या मोबाइलवर यायचा, डॉक्टरांकडे नंतर. मीही मिरवायचो. आज त्याच मिरवण्याचा संताप येतो.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच कितीतरी वर गेला होता, म्हणजे थायरॉईड कमी पडत होतं. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिली. काही महिन्यांत ती पुन्हा तुरुतुरु चालू लागली, आंब्याच्या पेट्या भरताना तर सगळ्यांच्या पुढे. मग दुसरा रिपोर्ट आला. मी आकडा पाहिला, शेजारी छापलेली मर्यादा पाहिली आणि ऐटीत सांगितलं, "अक्का, नॉर्मल आहे. आता कशाला गोळ्या?" तिने त्याच दिवशी गोळी सोडली, रिपोर्ट डॉक्टरांकडे नेलाच नाही.

वर्षभरात तिचा चेहरा सुजला, बोलणं जड झालं. भर मे महिन्यात ती अंगावर शाल घेऊन बसायची आणि घरातले सगळे हसायचे... मीसुद्धा. "बाळा, रक्त परत तपासू काय रे?" तिने दोनदा विचारलं. "वय झालं तुझं," मी म्हणालो. पावसात साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

लोक म्हणतात, तिची वेळ भरली होती. कसली डोंबलाची वेळ! तेराव्यानंतर मी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी एकच विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" तो आकडा गोळीमुळेच जाग्यावर आला होता, गोळी जन्मभराची होती. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, तर मी तोंड कशाला उघडलं? आणि जो तो माझ्या शब्दावर का विसंबून राहिला?

गेल्या आठवड्यात भाचीने अक्काचं कपाट आवरायला घेतलं. साड्यांखाली थायरॉईडच्या गोळ्यांची नवी बाटली निघाली, सील न तोडलेली. मी ती उलटसुलट करून तारीख शोधू लागलो.

"आईने पावसाआधीच आणलीन होती, मामा," भाची म्हणाली. "म्हणायची, बाळा हो म्हणू दे, मग उघडते."