पालथ्या भांड्याखालचा गोळा

मामीचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, शेजारणीवर नव्हता, भिंतीवरच्या घड्याळावर तर मुळीच नव्हता. डॉक्टर म्हणाला जीभ दाखवा, तर ही म्हणाली, आधी तुमचे हात दाखवा, धुतलेत का. आता गेली बिचारी. शेवटी शेवटी खाटेवर पडल्या पडल्या नर्सला विचारत होती, बाटलीत काय घातलंय? नर्सनं सांगितलं. तर म्हणाली, वाचून सांग, पाठ केलेलं नको. अशी होती. तिला पोचवून आल्यावर घरात बसलेली माणसं रडता रडता हेच आठवून हसत होती.

पण तिच्या पास्त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मामी काय होती ते कळायचं नाही. त्या पास्त्यापायी एकदा घर फुटायची वेळ आली होती.

मामी पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि घरी येऊन शिवायची. एका बाईकडे माप घ्यायला गेली, तर ती बाई स्वयंपाकघरात ताजा पास्ता करत होती. मामी खिडकी सोडून तेच बघत उभी राहिली. घरी येऊन करून बघितला, तर नुसता लगदा. मामा तेव्हा होते. म्हणाले, छान झालाय, पडद्यांना खळ म्हणून लाव. मामीला ते असं झोंबलं की मामा दुसऱ्यांदा ताट पुढे करेपर्यंत तिनं नाद सोडला नाही. मग दर रविवारी पास्ता ठरलेला. मामा गेले तरी रविवार चुकला नाही.

करायची पद्धत तिची. मैद्याचा डोंगर थेट टेबलावर, वर खड्डा, खड्ड्यात अंडी. अंडं आधी कपात फोडायचं, वास घ्यायचा, मग आत. तेल मोजायला चमचा नाही. खिडकीत अंड्याचं एक जुनं अर्धं कवच धुऊन वाळवून ठेवलेलं असायचं, त्यानं मोजायचं. चमचे लहानमोठे निघतात, कवच फसवत नाही, असं तिचं म्हणणं. मग काट्यानं कडेचा मैदा आत ओढत ओढत कालवायचं आणि तळहातानं रेटून रेटून मळायचं. कपाळावर घाम आला की गोळ्यात बोट दाबायचं. खळगा हळूहळू वर आला की म्हणायची, झालं. मग गोळ्यावर भांडं पालथं घालायचं.

"झोपू दे त्याला. कुणी भांडं उचललं तर याद राखा."

ती स्वतःसुद्धा उचलायची नाही. गोळा झोपला की आतल्या खोलीत जाऊन मशीनवर बसायची.

दादाचं, म्हणजे तिच्या मुलाचं, लग्न झालं. वहिनी आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बोलायला गोड. गोड बोलते म्हणूनच मामीला पहिल्यापासून शंका. आणि नेमका त्याच सुमारास गोळा बिघडायला लागला. सैल पडायचा. लाटण्याला चिकटायचा. पट्ट्या कापल्या की एकमेकींच्या गळ्यात पडायच्या, उकळत्या पाण्यात टाकल्या की त्यांचा गठ्ठा. दादा खाली मान घालून खायचा आणि छान म्हणायचा. एरवी कधी छान म्हणाला नव्हता. मामीनं तेही मनात ठेवलं.

मैदा तोच, टेबल तेच, हात तेच. अंडी तेवढी कोपऱ्यावरच्या दुकानातली, कारण जुना अंडेवाला यायचा बंद झाला होता. पण तीही मामी उजेडात धरून, कानाशी हलवून घ्यायची. मग नवीन काय? घरात नवीन एकच, सून.

आता गोळा झोपला की मामी मशीनवर बसायची खरी, पण पाय थांबलेला. मशीनचा आवाज बंद झाला की समजायचं, मामी कान लावून आहे. वहिनी स्वयंपाकघरात जायची. नळ सुटायचा. नळ बंद व्हायचा.

शेवटी तिनं सापळा लावला. शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी असते ना, बारीक दाणे उठलेली, ती तिनं मळलेल्या गोळ्यावर हलकेच टेकवली. ठिपक्या ठिपक्यांचा ठसा उठला. वर भांडं पालथं. कुणी पुन्हा मळलं तर ठसा पुसणार, म्हणजे चोर सापडला. वेळ झाल्यावर भांडं उचललं. गोळा गुळगुळीत. पुढच्या रविवारी परत तेच. मामीनं तोंडातून ब्र काढला नाही, ताटं मांडली आणि दादाचा घास तोंडाशी गेल्यावर म्हणाली,

"माझ्या पिठात पाणी कोण घालतं?"

वहिनी म्हणाली, "कुणी नाही, आई. मी पाणी प्यायला गेले होते फक्त."

"प्यायलीस की पाजलंस?"

"आई, पुरे," दादा म्हणाला.

"तू गप्प बस. तुला चिकट आवडायला लागलंय."

मग टोपीचं सगळं बाहेर आलं. वहिनी ऐकत राहिली. तिचे कान लाल झाले. ताट सरकवून म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्यासमोर ठसा उठवा. दोघी समोरासमोर बसू. कुणी उठायचं नाही. ठसा जागेवर राहिला, तर तो दर वेळी मीच पुसत होते असं समजा. मी बॅग भरून जाते."

"आणि ती गेली तर मी पण," दादा म्हणाला.

"जा की," मामी म्हणाली. "ठशाला काय पाय फुटतात?"

म्हणाली खरी. पण तो आठवडा ती पडद्यांच्या कडा उलट्या शिवत होती आणि उसवत होती. एकुलता एक मुलगा.

रविवारी वहिनीची भरलेली बॅग दारातच होती. मामीनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं करून मळायला घेतलं. बोट दाबलं, खळगा वर आला, झालं. टोपी टेकवली. वहिनीनं वाकून ठसा बघितला, चष्मा बघावा तसा. भांडं पालथं पडलं. दादाला बाहेर घालवला. दोघी टेबलाच्या दोन टोकांना. मामीची नजर वहिनीच्या हातांवर, वहिनीची भांड्यावर.

बसून बसून वहिनीनं टेबलावर पडलेली, नुकत्याच फोडलेल्या अंड्यांची कवचं चाळवायला घेतली. अर्धं कवच अर्ध्यात ठेवत होती. तेलाचं जुनं कवचही तिथंच होतं. तेही तिनं नव्या कवचात ठेवलं, तर ते तळाशी गेलं आणि खुळखुळलं.

"हे कुठलं आणलंस?" मामी म्हणाली.

"तुमचंच आहे. तेलाचा डाग बघा."

मामीनं ते हातात घेतलं. एकेका नव्या कवचात घालून बघितलं. सगळ्यांत खुळखुळलं. दुकानातली अंडी मोठी होती. दर वेळी हातात घेतली, हलवली, हुंगली, पण लहान की मोठी हे बघितलंच नव्हतं. ती मोजायची अंडी, आणि मैदा ओतायची जुन्या अंड्यांच्या हिशोबानं. गोळा सैल पडेल नाही तर काय!

मग मामीनं कधी केलं नव्हतं ते केलं. वेळ व्हायच्या आत भांडं उचललं.

ठसा अर्धा होता. कडेचे ठिपके भरून आले होते, मधले तेवढे दिसत होते. दोघी नाक लावून बघत राहिल्या आणि मधलेही एकेक करून वर आले. बोटाचा खळगा वर येतो तसे. गोळा चांगला मळला म्हणजे तो वर येणारच, हे मामीच सगळ्यांना सांगायची.

"टेबल हललं असेल," मामी म्हणाली.

वहिनीनं टेबल धरून हलवून बघितलं.

"मैदा आण जरा. मूठभर. सैल आहे हा." वहिनीनं आणला आणि तिच्यापुढे धरला. मामीनं गोळा टेबलावरून तिच्याकडे ढकलला. "तूच घाल. हात धुतलेस?"

"दाखवू?"

मामीनं खरंच बघितले, दोन्ही बाजूंनी. मग दाराकडे तोंड करून ओरडली, "अरे, ती बॅग आत ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडकतो."

माफी म्हणून तिच्याकडून एवढंच निघालं. त्या दिवशी पट्ट्या सुट्या झाल्या. लसूण, टोमॅटो आणि लोणी घालून सगळ्यांनी खाल्ल्या, आणि दादा छान म्हणाला नाही. मामी म्हणाली, आता बरोबर झालाय.

परवाच्या रविवारी, मामी गेल्यावर पहिल्यांदाच, वहिनीनं पास्ता केला. मळून झाल्यावर मशीनच्या खणातून टोपी काढली आणि गोळ्यावर टेकवली. भांडं घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे तसेच उभे. ठिपके भरत आले तसा दादा बाहेर निघून गेला. शेवटचा ठिपका गेल्यावर वहिनीच म्हणाली, झाका आता, वाळेल.