कायम नवा दिसणारा माणूस

“थांबा जी, असे जाऊ नोका.”

हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते हेच म्हणत. मलाही म्हणाले.

संगणकाच्या पडद्यामागच्या त्या जगात तुम्ही कधी पाऊल टाकलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. नवखा माणूस आधी एका चौकात येऊन उभा राहतो. सगळ्यांना एकसारखं शरीर मिळतं: करडा सदरा, करडी विजार आणि वरून ठेवून दिल्यासारखे केस. त्याला तिथे अवतार म्हणतात. मग रंगरूप, उंची, कपडे ज्याने त्याने आपापले बदलून घ्यायचे आणि पुढे जायचं.

मी मूळचा घाबरट. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली आणि रोज निघताना कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मुलगी बंगळुरूला असते. तिची आई गेल्यापासून आमचं बोलणं आटत चाललं होतं. फोनवर “जेवलात?” आणि “जेवलीस?” एवढं झालं की दोघंही गप्प. ही पोरगी एक दिवस फोन करायचीच बंद होईल, या धास्तीने मला घास गोड लागत नसे. शेवटी तिनेच सुचवलं, “बाबा, रविवारी चार वाजता तिथे आमचं गाण्याचं मंडळ जमतं. या ना.”

तिच्या मित्रमंडळींसमोर हसं होऊ नये म्हणून मी आदल्या दुपारी, मुर्री गावातल्या माझ्या घराचं दार लावून, गुपचूप सराव करायला गेलो. रंगाची पट्टी सरकवून गोऱ्या टोकाला नेली. उंची वाढेल तेवढी वाढवली. केस भरघोस केले. आता निघावं म्हणतो, तोच शेजारच्या करड्या माणसाने मला थांबवलं. मला वाटलं, हाही माझ्यासारखाच नवा. पण बोली ऐकली आणि खुर्चीत सरळ बसलो. हा तर आपल्याकडचा!

“काऊन? काही चुकलं का?” मी विचारलं.

“चुकलं नाही जी. पन जिथं चालले तिथं तुमाले ओळखणार कोन हाये?”

“मुलगी.”

“मंग हे गोरं टोणगं कोनाचं होय?”

मला राग आला. पण टोणग्याकडे पुन्हा पाहिलं आणि हसूही आलं.

दुसऱ्याच्या अवताराला हात लावता येत नाही. ते नुसतं सांगत, पट्ट्या मी सरकवायच्या. लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात, ते खांद्यांपासून करत. “खांदे पयले. मानूस दुरून येते तवा खांदेच दिसतात.” मग विचारलं, “कोनता खांदा उतरला हाये तुमचा?” मला कुठे ठाऊक! उठून आरशासमोर गेलो. उजवा उतरला होता. साठ वर्षांत ते मी कधी पाहिलं नव्हतं. मग पोट आलं, टक्कल आलं, डाव्या खांद्यावर गमछा आला. दीड तास गेला आणि पडद्यावर मीच उभा राहिलो, घाबरलेला.

रविवारी मंडळात चाळीस-पन्नास जण होते. सगळे देखणे. मी कडेला उभा राहिलो आणि मनात त्या माणसाला शिव्या घालू लागलो. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी थेट माझ्याकडे धावत आली. “बाबा! अय्या, टक्कलसुद्धा!” आणि ती हसत सुटली. तिची आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. इकडे खुर्चीत बसून मी गमछ्याने डोळे पुसले. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. आता दर रविवारी बोलतो.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्या चौकात जाऊ लागलो, त्या करड्या माणसाशेजारी उभा राहायला. ते सदा काळजीत. नव्याला पहिल्या दहा मिनिटांत कोणी हसलं तर तो पुन्हा येत नाही, असं त्यांचं ठाम मत. एकदा एका गृहस्थांनी कपड्यांचा खोका उघडून कपडे चढवण्याऐवजी अख्खा खोकाच अंगावर चढवला आणि तसेच पुढच्या बाजारात गेले. लोक हसले, गृहस्थ गायब झाले. माझे करडे शेजारी मात्र आठवडाभर मला विचारत होते, “तो खोकेवाला आला का जी? माहं ध्यान नव्हतं तवा.”

स्वतः मात्र कायम करड्या सदऱ्यात. तिथे ते पाहुणा म्हणून आत येत. पाहुण्याला दरवेळी कोरं शरीर मिळतं आणि डोक्यावर नावाऐवजी नवे आकडे. रोज मी त्यांना आवाजावरून शोधायचो. एकदा म्हटलं, “दुसऱ्यांना सजवता, स्वतःचं काऊन करत नाही?”

“नवा मानूस नव्याजवळच उभा राह्यते जी. नटलेल्याले पाहून दबून जाते.”

त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायचा फोटो करून द्यायचं काम मोठं. लोक लग्नातल्या घोळक्याचा किंवा रेशनकार्डावरचा एवढासा फोटो आणत. हे त्याला मोठा करत, उजळ करत आणि रिवाजाप्रमाणे कोट-टाय चढवत. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसे. केशोरी गावची एक बाई नवऱ्याचा फोटो न्यायला आली. यांनी हौसेने कपाळावरचा जुना व्रणसुद्धा पुसून टाकला होता. बाईने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे कोन होत?” फोटो तिथेच ठेवून ती निघून गेली. मूळ फोटो मोठा करण्याच्या गडबडीत खराब झालेला. तिच्याकडे दुसरा नव्हता.

“तिच्या घरची भिंत माह्यानं रिकामी राह्यली,” ते म्हणाले.

मग एका दुपारी म्हणाले, “छातीचं ऑपरेशन हाये नागपूरले. आठ दिवसांत येतो. तवरोक चौकाकडं ध्यान ठेवजा.”

आठ दिवस झाले. पंधरा झाले. महिना झाला. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला आहे. बोलता बोलता एकदा ते नवेगाव बांधचे असल्याचं म्हणाले होते, तेवढ्या आधारावर मी एसटीने तिथे गेलो. तळ्याजवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं.

“नाव काय त्याईचं?” चहावाल्याने विचारलं.

नाव मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही.

“बरं, दिसतात कसे?”

काय सांगणार? करडा सदरा? ज्याने मला माझा उतरलेला खांदा दाखवला, त्याचे खांदे मी कधी पाहिले नव्हते. शेवटचा उपाय म्हणून मी त्यांच्या सुरात म्हणून दाखवलं, “थांबा जी, असे जाऊ नोका.” चहावाला हसला. मग म्हणाला, “असं तं सारेच बोलतात जी इथं.”

बंद पडलेला एक स्टुडिओ सापडला. त्याचा मालक पुण्याला मुलाकडे सुखरूप होता. फोन लावून पाहिला, आवाज त्यांचा नव्हता. मी परत आलो.

आता रोज दुपारी मी चौकात उभा असतो. करडा माणूस दिसला की जवळ जातो आणि म्हणतो, “थांबा जी, असे जाऊ नोका.” तो उत्तर देईपर्यंत आवाजाकडे कान लावून उभा राहतो. कधी कोवळा आवाज निघतो, कधी हिंदी बोलणारा. मग मी विचारतो, ओळखणार कोण आहे तुम्हाला? आणि खांद्यांपासून सुरुवात करतो.

मुलगी परवा म्हणाली, “बाबा, तो गमछा बदला आता. कवळी बसवल्यापासून तुमचे गाल किती भरलेत, तेही करा ना थोडे.” तिचं खरं आहे. आरशातला मी आता तसा दिसत नाही. पण तिथे मी काहीच बदललेलं नाही. नुसतं पाहून त्यांना मी ओळखू शकणार नाही, पण ते आले तर त्यांना मी ओळखू यायला हवा.