फानोचा किकेऑन

लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी फानोनं घराण्याचं नाक कापलं, असं तिची सासू मरेपर्यंत सांगत होती. अथेन्सजवळच्या पाल्लेने नावाच्या गावात कापणी चालली होती आणि शेतातल्या गड्यांना किकेऑन द्यायचा होता. भाजलेल्या जवाचं भरड पीठ, पाणी, मीठ आणि झऱ्याकाठचा रानपुदिना. त्यात काय मोठंसं? पण जव तळाशी बसतो. काडीनं ढवळत ढवळतच प्याला हाती द्यायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नव्या नवरीनं लाजून प्याले नुसतेच पुढे केले.

"सुनेनं पाणी पाजलं, जेवण तळाशी ठेवलं!" गडी खिदळले.

तिचा नवरा स्मिक्रोस हसला नाही. त्यानं रानपुदिन्याची काडी आपल्या प्याल्यात फिरवली आणि प्याला तिच्यापुढे धरला. "आधी तू पी. उन्हात तूही उभी आहेस." त्या एका घोटावर फानोनं चाळीस वर्षं संसार केला.

मग लढाई आली. दर उन्हाळ्यात स्पार्टाचे लोक शेतं जाळायला येऊ लागले. गावकऱ्यांनी घरांची दारंसुद्धा उपसून गाड्यांवर घातली आणि अथेन्सच्या तटाआड झोपड्या बांधल्या. फानोच्या दाराचा, खाली दगड लावून, पलंग झाला. एका शरदात स्मिक्रोसनं त्याच्यावर अंथरूण धरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. बाजारातल्या वाळक्या पुदिन्याचा किकेऑन त्यानं हुंगूनच परत केला.

"हे कसलं गवत घातलंस?"

"आता तटाआड झरा आणू का तुमच्यासाठी?" फानो करवादली आणि बाहेर जाऊन रडली. असेच आणखी चार दिवस गेले तर हा माणूस हातचा जाणार, हे तिला दिसत होतं.

शत्रू केव्हाच परतला होता. भल्या पहाटे ती वेशीबाहेर पडली आणि दुपारी गावी पोचली. घराच्या जागी काळ्या भिंती होत्या, द्राक्षवेली बुंध्यापासून तोडलेल्या. झऱ्याकाठी मात्र रानपुदिना नुसता माजला होता. खुडणारं होतं कोण? तिनं मुळासकट एक झुबका उपटला.

दिवेलागणीला तिनं प्याला ढवळून त्याच्या हाती दिला. त्यानं हुंगला. डोळे मिटून बराच वेळ हुंगतच राहिला.

"झऱ्यावर गेली होतीस. घर कसं आहे?"

"जसंच्या तसं आहे."

"पिकांच्या देवीची, देमेतर आईची शपथ घेऊन सांग."

फानोनं मान खाली घातली. "अहो, चौकटसुद्धा राहिली नाही."

जव तळाशी बसत चालला होता. स्मिक्रोसनं काडी फिरवली आणि प्याला तिच्यापुढे धरला. "आधी तू पी. चालून आलीस."

ती एक घोट प्याली. उरलेला त्यानं तळापर्यंत संपवला आणि तिच्या खांद्याला धरून उठू लागला.

"अहो, पडाल! निघालात कुठं?"

"दारावर किती दिवस निजायचं, फानो? चौकट नवी करू. दार तर आहे आपल्याकडे."