पालकाची संमती

आमच्या कोर्सचं नाव फिजिशियन असिस्टंट. म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली रोगी तपासायचा, टाके घालायचे, ऑपरेशनला मदतीला उभं राहायचं. आमच्या गावात, कुरुंद्यात, हे समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला होता. गावाच्या लेखी मी 'कंपाउंडरचं शिकून राहिली' एवढंच. त्याचा मला राग आला नाही. राग आला तो एका शिकलेल्या माणसाचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला दोन-दोन महिने वेगवेगळ्या दवाखान्यांत कामाला पाठवायचे. हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजच्या बोर्डावर जागांची यादी लागली. नियम साधा होता, मार्कांच्या क्रमानं ज्यानं त्यानं जागा निवडायची. मी वर्गात तिसरी. डोळे झाकून नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यातला अपघात विभाग लिहिला. दोन वर्षं मी स्पंजच्या तुकड्यावर टाके घालत होते, माणसाच्या कातडीवर एकही घातला नव्हता. ते शिकायचं तर अपघात विभागासारखी जागा नाही. तिथं विद्यार्थ्याला भिंतीला टेकवून उभं करायला कुणाला सवडच नसते.

आठवड्यानं वाटप लागलं. माझ्या नावापुढं हिंगोलीतलाच एक छोटा दवाखाना. तिथलं काम मला ठाऊक होतं: आलेल्याचं वजन करा, बीपी लिहा, नंबर पुकारा. अपघात विभाग मिळाला होता एकोणिसाव्या नंबरच्या मुलाला. हा गडी इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटायचा. मी त्याच्यावर डाफरले, तर म्हणाला, "मी कुठं मागितलं होतं? मला तर हिंगोलीच पाहिजे होतं. इथली मेस चांगली आहे." तळपायाची आग मस्तकाला गेली, पण त्या बिचाऱ्याला बोलून काय उपयोग?

जागा वाटायचं काम ज्या सरांकडं होतं, त्यांच्या केबिनमध्ये गेले. सर गोड बोलणारे. म्हणाले, "अगं, तुझ्या वडिलांना विचारूनच केलंय. सगळ्या मुलींच्या घरी फोन केले मी. काळजी नको का घ्यायला?"

"आणि मुलांच्या घरी?"

सर नुसते हसले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुपारची एसटी धरून गावी आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिजवलेली हळद वाळायला पसरत होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं, सरांचा फोन आला होता का.

"आलता की," अण्णा म्हणाले. "नांदेड लांब पडतंय म्हनले. तिथं दारू पिऊन, मारामाऱ्या करून लोकं येतेत, पोरीला तकलीफ व्हईल म्हनले. मी म्हनलं, तुमाला बराबर वाटल तसं करा."

"मला काहून इचारलं न्हाई, अण्णा?"

"सर मला इचारून राहिले व्हते. तुला मधी कुठून आनू?"

आई दारातून म्हणाली, "जेवताना ताटावरून उठले गं. उभं राहूनच बोलले फोनवर."

हे तिनं कौतुकानं सांगितलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. फोनवरच्या माणसाला न दिसणारा मान द्यायला माझा बाप भरल्या ताटावरून उठला, आणि ज्या पोरीचे दोन महिने वाया चालले होते तिला एक फोन केला नाही. नांदेड म्हणे लांब! आमच्या तालुक्याच्या गावाहून, वसमतहून, नांदेडची गाडी हिंगोलीच्या गाडीआधी पोचते, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण सर म्हणाले लांब, तर लांब.

मी ओरडले. बापावर असं कधी ओरडले नव्हते. "मी तिसरी आले ती सरांच्या फोननं आले का?" अण्णा हळद पसरत राहिले. मी त्या दिवशी जेवले नाही.

सकाळी उठले तर अण्णा धुतलेला सदरा घालून तयार. "चल. सरांला भेटू."

केबिनमध्ये अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "पोरीला नांदेडलाच धाडा, सर."

"तुमची हरकत नाही ना?"

"न्हाई जी. तिलाच इचारा न."

सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुमची हरकत नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला." एवढं सोपं होतं ते! ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद निघाला. 'माझ्या मुलीस काही झाल्यास त्याची जबाबदारी माझी राहील.' मुलांसाठी असला कागद नव्हता. अण्णांनी सावकाश सही केली. साक्षीदार पाहिजे म्हणून सरांनी शिपायाला हाक मारली, त्यानं उभ्या उभ्या सही ठोकली. शेवटी सरांची सही आणि शिक्का.

मग सरांनी तो कागद माझ्यापुढं धरला. मी पेनचं टोपण काढलं.

"सही नको," सर म्हणाले, "दोन झेरॉक्स काढून आण."

आणि मी गेले. झेरॉक्सच्या दुकानाशी अण्णा मागून आले, खुशीत होते. "झालं न, माय, तुझ्या मनासारखं?"

मी व्हय म्हणाले. त्यांना दुसरं काय सांगणार? नांदेडला मी टाके शिकले, चांगले शिकले. पण मार्कांनी कमावलेली जागा मला बापाच्या सहीनं मिळाली. सरांचा राग आहेच. त्याहून जास्त राग येतो तो माझा, की पेनाला टोपण लावून मी मुकाट्यानं झेरॉक्स काढायला गेले.