दिलीपच्या नंबरवरची कॉलर ट्यून

या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. खरं तर वाचणाऱ्यांपैकीही नाही. जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. भुताखेतांच्या कथांची पुस्तकं मुलं हौसेने न्यायची, आणि मी ती देताना मनातल्या मनात हसायची. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास बसला आहे असं म्हणणार नाही. घडलं ते लिहिते, एवढंच.

दिलीप माझा धाकटा भाऊ. धुळ्याला देवपुरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. गेल्या हिवाळ्यात तो गेला. दुकानातच... हातातलं काम अर्धं होतं म्हणतात.

त्याचा मोबाइल नंबर माझ्या बिलात होता. दिलीपला रिचार्ज करायची आठवण कधी राहिली नाही. ऐनवेळी फोन बंद, आणि मग दुसऱ्याच्या फोनवरून "अक्का, तेवढे पैसे टाक ना." शेवटी मी कंटाळून फॅमिली प्लॅन घेतला आणि त्याचा नंबर त्यात जोडून टाकला. तो गेल्यावर नंबर बंद करायचा विषय ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, दोनदा काढला. दोन्ही वेळा मी दुसरं काहीतरी बोलत राहिले.

फोन धुळ्यालाच होता, माझी भावजय सुनंदा हिच्याकडे. गॅसचा, बँकेचा ओटीपी त्यावर येतो म्हणून ती तो चार्ज करून ठेवायची. मी मात्र त्या नंबरवर त्यानंतर एकदाही फोन केला नव्हता. रिंग वाजत राहील आणि तो उचलणार नाही, हे मला ऐकायचं नव्हतं.

आखाजी जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट. नेहमीपेक्षा बिल जास्त आलं म्हणून ह्यांनी ते उघडून पाहिलं. दिलीपच्या नंबरपुढे एक नवीन शुल्क होतं – कॉलर ट्यून, मासिक.

"मेलेल्या माणसाच्या नंबरवर गाणी लावतात हे लोक!" हे चिडले. "पैशाचं काही नाही गं, पण आज सोडलं तर उद्या आणखी काही लावतील."

मी सुनंदाला फोन केला, तिच्या नंबरवर.

"अक्का, मी गाणी लावेन का हो ह्या घरात आता?" ती म्हणाली. "तो फोन मी चार्जिंगपुरता हातात घेते, बाकी कपाटात असतो." मग जरा थांबून, "आखाजीला येताय ना? त्यांच्या नावाची पहिली घागर आहे."

"पाहू."

"पाहू काय, अक्का?"

"न्यायला कोण येणार?"

 मग म्हणाली, "मी येते न्यायला."

"तू घरची बाई. तू घागरीपाशी हवीस."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात. तुम्ही त्याला खरबूज म्हणाल. लेक माहेरी जाते, पण आपली आपण उठून जात नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. लग्न झाल्यापासून माझा मुराळी दिलीपच. माझे केस पिकले, गुडघे दुखायला लागले, बसचा पास मिळाला, तरी तो यायचा. "अरे, मी काय रस्ता विसरेन का?" म्हटलं की म्हणायचा, "तू इसरावं नहीं वं, पन लोके काय म्हंतीन?" मग माझी पिशवी उचलून पुढे चालायला लागायचा. बसस्टँडवर एक पाय बसच्या पायरीवर, एक जमिनीवर ठेवून तो गाडी अडवून धरायचा, आणि मी पाण्याची बाटली घेत रेंगाळत असायची.

असो. आम्ही दोघं मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती.

"मॅडम, ट्यून कुणीतरी लावल्याशिवाय लागत नाही. घरात लहान मुलं आहेत का?"

"फोन धुळ्याला असतो," मी म्हणाले. "ज्याचा आहे तो नाही."

"मग ते आले की विचारा ना त्यांना."

 हेच म्हणाले, "अहो, ते वारले."

मुलीचा चेहरा उतरला. "सॉरी हं काका... थांबा, कोणती ट्यून आहे ते बघते. तक्रारीत लिहावं लागतं." तिने तो नंबर आपल्या मोबाइलवर फिरवला, कानाला लावला आणि भुवया उंचावल्या. "ट्यून नाहीच आहे. साधी रिंग वाजतेय. नसलेल्या सेवेचे पैसे लावलेत! मग तर नक्की परत मिळतील."

तक्रार नोंदली गेली, मेसेज आला. हे खुशीत होते. मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते – त्या मुलीने किती सहज तो नंबर फिरवला.

जेवणं झाल्यावर हे कूलरपुढे आडवे झाले. मी बाहेरच्या खोलीत बसून पहिल्यांदा तो नंबर लावला.

रिंग आलीच नाही. आधी गर्दीचा गलका आला. मग कंडक्टरची हाक, "एरंडोल, पारोळा, धुळेऽऽ". जुन्या बसचं इंजिन सुरू झाल्याची धडधड. आणि मग अगदी जवळून, जरा वैतागलेला, जरा हसरा –

"अक्का, चाल वं... गाडी निंघी जाई. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

दिलीप! गाडी निघून जाईल, सगळे वाट पाहताहेत, म्हणत होता. त्यानंतर समोरची व्यक्ती उत्तर देत नसल्याचं ते नेहमीचं वाक्य, आणि फोन बंद.

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ह्यांना उठवून फोन त्यांच्या कानाला लावला.

"रिंग वाजतेय," हे म्हणाले. स्पीकरवर टाकला तर मलाही रिंगच ऐकू आली. स्पीकर बंद करून कानाला लावला, तर दिलीप. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेले. माठातलं पाणी आणून दिलं.

मी शिकलेली बाई आहे. दुःखात कान काहीही ऐकतात, हे मला माहीत आहे. पण कान बिलात शुल्क लावू शकत नाहीत. ते बिल ह्यांनी आधी वाचलं होतं, मी नंतर. असा आवाज कधी कुणी रेकॉर्ड केला असेल, तर तो कुणी आणि कधी? बसस्टँडवर आम्ही दोघंच असायचो, आणि फोनवर असले खटाटोप करणं दिलीपला येत नव्हतं.

मग एकदम लक्षात आलं – ती ट्यून बंद करा म्हणून आपणच सांगून आलोय.

ऊन तापलेलं असतानाच मी रिक्षा करून दुकानात गेले. मुलगी हसली. "सगळे बंद करायला येतात मॅडम. चालू ठेवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण तक्रार पुढे गेली, आता इथून काही होत नाही. कस्टमर केअरला लावून बघा."

तिथे बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगा बोलायला मिळाला. आवाजावरून सभ्य वाटला.

"मॅम, ही सेवा मागितली नव्हती, अशी तुमची तक्रार आहे ना?"

"हो."

"आणि आता तुम्ही म्हणताय की मागितली होती?"

"मागितली नव्हती," मी म्हणाले. "पण हवी आहे."

पलीकडे की-बोर्डची टकटक झाली. "ठीक आहे मॅम. गाण्याचं नाव सांगा, मी नव्याने लावून देतो."

"गाणं नाही ते."

"मग काय आहे, मॅम?"

 मी फोन ठेवला.

पुढचे काही दिवस मी दुपारी तो नंबर लावत होते. दिवसातून एकदाच. जास्त वेळा लावला तर संपून जाईल असं काहीतरी वेड्यासारखं वाटायचं. आवाज तोच, शब्द तेच. मी मात्र दर वेळी नव्याने ऐकायची – "चाल वं" म्हणताना तो किंचित धापा टाकतो, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मेसेज आला. तक्रारीचं निवारण झालं होतं, रक्कम पुढच्या बिलात वजा होणार होती, सेवा बंद केली होती. इतक्या तत्परतेने माझं काम आजवर कुणी केलं नव्हतं. हे म्हणाले, "बघ, भांडलं की मिळतं."

मी नंबर लावला. साधी रिंग वाजली. आणि पलीकडून सुनंदाने उचलला.

"बोला, अक्का."

"काही नाही गं. चुकून लागला."

आखाजीच्या सकाळी मी पिशवी भरली. हे म्हणाले, "मी गाडीने सोडतो." मी नको म्हणाले. कुणी बोलावलं, कसं बोलावलं, हे मला कळत नव्हतं. पण बोलावणं आलं होतं, आणि त्यावर घरी बसून राहणं मला जमेना.

स्टँडवर माहेरवाशिणींची झुंबड होती. धुळ्याच्या गाडीच्या पायरीवर मी पाय ठेवला आणि फोन वाजला. सुनंदा होती.

"निघालात का, अक्का?"

"हो, गाडीत चढतेय. तू सांजोऱ्या..."

"थांबा." ती माझ्याशी नेहमी शहरी मराठीत बोलते. पण आता तिचा आवाज आणि बोली दोन्ही बदलली. "अक्का, तुमना जोडे कोन शे?"

"कोणी नाही गं. एकटीच आहे."

"नहीं... मांगे बोली ऱ्हायनात. अक्का, यास्ना आवाज शे."

यास्ना, म्हणजे ह्यांचा. दिलीपचा. मी कान टवकारले. शेंगदाणेवाला ओरडत होता, कुणाचं तरी पोर रडत होतं, बाजूची चाळीसगावची गाडी हॉर्न देत होती. बाकी मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. कधी कुणाचा वाटला नसेल इतका हेवा मला त्या क्षणी सुनंदाचा वाटला.

"अक्का, फोन ठेवू नका," ती रडत म्हणाली. "तसाच राहू द्या."

मी फोन कानापासून काढला. दारातली दांडी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने फोन बाहेर, त्या गलक्यात, जितका लांब जाईल तितका धरला.

"ओ मावशी," कंडक्टर खेकसला, "वर या, नाहीतर खाली उतरा! फोटो घरी जाऊन काढा!"

मी हलले नाही. हात दुखायला लागला तरी धरून राहिले. शेवटी मागच्या बाईने मला दंडाला धरून वर ओढलं आणि गाडी सुटली.

देवपुरात पोचले तेव्हा घागर मांडलेली होती. सुनंदाचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा मात्र किती तरी महिन्यांनी शांत दिसत होता. तिने माझी पिशवी घेतली, पायावर पाणी घातलं. आम्ही दोघींनी मिळून दिलीपच्या नावाने डांगर ठेवलं.

यामागे काय असेल, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही सांगितलं – सॉफ्टवेअरची चूक, क्रॉस कनेक्शन, मनाचा खेळ. मी सगळं ऐकून घेतलं. एकानेही माझं पूर्ण समाधान झालं नाही.

मी हात लांब करून उभी होते तेवढ्या वेळात सुनंदाने काय काय ऐकलं, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. माझ्या वाट्याचं मी ऐकलं होतं. तिच्या वाट्याचं तिच्याकडेच राहू दे.