माह्या तोंडून माफ झालेला टॅक्स

मी ग्रामपंचायतीचा चपराशी. नळ सोडणं, नाल्या साफ करून घेणं, टॅक्सच्या नोटिसा घरोघरी देणं अन् सायकलवर भोंगा बांधून दवंडी देणं, सारं माह्याच अंगावर. आमच्याकडे दवंडी कधी कोणी लिहून देत नाही. सरपंच तोंडानं सांगते, मी गावाले सांगतो, अन् गाव ते खरं धरते. उद्या नळ येणार नाही म्हटलं का बाया रातीच पाण्याचे गुंड भरून ठेवत.

बापाले माहा भोंगा आवडला नव्हता. आज्यानं धर्म बदलला तेव्हा गावकीच्या दवंडीचं घरचं डफडं वैनगंगेत सोडून देलं होतं. मी म्हटलं, बाबा, हे गावकीचं काम नाही, मले ऑर्डर आहे, पगार आहे. बाप म्हणे, "मंग जे बोलशील त्याचाई कागद घेत जा." मी हासलो. मूर्ख होतो, दुसरं काय.

कोरोनाचं पहिलं साल. आंधळगावचा बाजार बंद, मजुरी बंद, लोक घरात कोंडलेले. पंचायतीची पेटी खाली अन् कामं दुप्पट. बाहेरून आलेले मजूर शाळेत ठेवले होते, त्याइचं पाणी, लाइट, फवारणी पंचायतीनंच करावं. पाठीवर पंप घेऊन मीच गल्लीगल्ली फिरलो. त्यातच एका सकाळी सरपंच टाकीपाशी आला अन् म्हणाला, यंदाचा घरटॅक्स अन् पाणीपट्टी माफ, दवंडी देऊन टाक. मी विचारलं, ठराव झाला का? तो म्हणे, सभा घ्यायले बंदी आहे ना, मागून लिहून घेऊ.

कोणी दुसरा असता तं मी अडलो असतो. पण सरपंच माह्या वर्गातला. शाळेत त्याच्या घरचा डबा मी खाल्ला अन् माह्या घरचा त्यानं, त्याच्या घरच्याइच्या नजरेआड. या माणसापाशी कागद मागू? मले तं मनात आणायचीच लाज वाटली.

साऱ्या गावात भोंगा फिरवला. शेवटच्या गल्लीत एक एकटी बुढी राह्यते, तिनं टॅक्सचे पैसे पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते. दारात येऊन तिनं तीनदा विचारलं, खरंच माफ का बापू? मी म्हटलं, "आजी, मी सांगून राहिलो ना." तिनं गाठ सोडली अन् त्याच पैशाचं तेल, दाळ आणली. घरी येताना माही छाती फुगली होती, खोटं कायले बोलू.

दोन सालानं तालुक्याचे साहेब तपासणीले आले. वसुली काहून नाही, म्हणून भर सभेत विचारलं. सरपंच उठला अन् म्हणाला, "मी माफ कधी म्हटलं? चपराश्यानं मनानंच दवंडी देली." मी त्याच्याकडे पाह्यत राहिलो, तो साहेबाच्या फायलीत पाह्यत होता. साहेबानं मले विचारलं, तुझ्यापाशी लेखी काही आहे? काय दाखवू? सायकलवरचा भोंगा?

आमच्या पगारातला सरकारचा हिस्सा वसुली पाहून येते. वसुली नाही, म्हणून तो अर्धा झाला. ते मी सोसलं. पण ज्याच्यासोबत डबा वाटून खाल्ला त्यानंच मले दगा देला, हे आजही गळ्याखाली उतरत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्यानं अंगणात खुर्ची टाकली, चहा मागवला अन् म्हणाला, "निवडणूक जवळ आली, बिनठरावाची माफी माह्या नावावर लागली तं मले उभं राह्यता येणार नाही, समजून घे ना. तुझं काय जाते?" चहा तसाच ठेवून मी उठलो. एवढा राग आला होता का सायकलचं कुलूप उघडेना.

मंग साहेबाच्या हुकमानं नवी दवंडी आली. मागचा सारा टॅक्स दंडासकट भरा, नाही तं नळ कापू. कापणारा कोण, तं मीच. मी सरपंचाले म्हटलं, आता लिहून दे, शिक्का मारून दे. त्यानं लगेच देलं, हे द्यायले त्याले काहीच जड गेलं नाही.

तो कागद हातात धरून मी वाचत फिरलो. पह्यल्यांदा दवंडी वाचून देत होतो. लोक आयकत अन् दार लोटून घेत. बुढीच्या दारात पोचलो तं ती बाहेर आली. मी म्हटलं, आजी, माही चूक झाली, मले फसवलं. ती म्हणे, "कागद आहे का?"

मी कागद पुढे केला. तिले वाचता येत नाही. तिनं बोटानं शिक्का चाचपून पाह्यला, म्हणाली, "मंग खरं असन," अन् पैसे आणायले आत गेली. माह्या तोंडाकडे तिनं पाह्यलंच नाही.