नारळ वाढवला होता

ओल्या खोबऱ्याचा वास आला की मला दुबईतला तो रिकामा हॉल आठवतो. मंदी नुकतीच आली होती. एका टॉवरच्या लाँचसाठी आमच्या इव्हेंट कंपनीने साठीचा एक स्वीडिश कलावंत आणला होता; चार-पाच नटांना घेऊन तो तिथे एक छोटं नाटक करणार होता. तिकडे तो सिनेमातला नट, नाटकांचा दिग्दर्शक, शिवाय गाणी लिहिणारा. मी स्टेज मॅनेजर. सकाळी सवयीने मी स्टेजच्या कडेला नारळ वाढवला. "हे कशासाठी?" त्याने विचारलं. "आमच्या नाटकात नारळ वाढवला की प्रयोग होतोच," मी ऐटीत सांगितलं. दुपारी ऑफिसचा फोन आला. लाँच रद्द, कंपनी बंद, आमचे व्हिसा कॅन्सल. बाकीचे नट निघून गेले. "खलास," म्हणत मी दिवे उतरवायला सांगितले, तर तो नारळाकडे बोट दाखवून म्हणाला, "पण तू तर फोडलायस." आणि सगळ्यांच्या भूमिका एकट्याने करत, स्वतःचं गाणं म्हणत, त्याने तासभराचा पूर्ण प्रयोग केला. समोर मी आणि दोन मल्याळी इलेक्ट्रिशियन. शेवटी तो अगदी मागच्या रिकाम्या रांगांपर्यंत नजर नेऊन वाकला आणि मग प्रसादासाठी हात पुढे केला. अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "कसा झाला रे शो?" "रंगला," मी म्हणालो आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. नोकरीचं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं; पण त्या संध्याकाळी मी खोटं बोललो होतो, असं मला अजूनही वाटत नाही.